रात्रीची गाडी, पण कोणती?

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. आमचे एक जुने पेशंट, सेवानिवृत्त शिक्षक, वय ६१, साखरेचा रिपोर्ट दाखवायला दवाखान्यात आले होते. रिपोर्ट बरा होता. उठता उठता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलीचे दिवस भरत आलेत, ठाण्याला जायचंय. रात्री ९ ला जेवून वर्ध्याहून निघायचं, समृद्धीनं पहाटे पाचला ठाण्यात. गाडी मीच चालवणार." गुरुजींना १२ वर्षांपासून मधुमेह, रात्रीचे इन्सुलिन चालू. मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आपल्याकडे जो तो तासांचा हिशेब मांडू लागला. रेल्वेला रात्रभर लागते, मोटारीने आठ तास! हिशेब चुकीचा नाही. पण रेल्वेतले ते तास आपण झोपून काढतो आणि मोटारीतले जागून, एवढेच त्यात धरायचे राहून जाते.

जागरणाबद्दल थोडे सांगतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेला माणूस हातापायांच्या कामात, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी ६ ला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री ११ ला भरतात. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही असे आमचे गुरुजी कारंज्याच्या आसपासच 'प्यालेले' ठरणार, आणि पुढे अख्खी रात्र बाकी!

त्यातही रात्री २ ते पहाटे ५ ही वेळ सर्वांत वाईट. तेव्हा शरीराचे तापमान उतरलेले असते आणि मेंदू झोप मागतोच. आपण दिली नाही तर तो चोरून घेतो. तीन-चार सेकंदांची ही डुलकी, डोळे कधी कधी उघडेच असतात. ताशी १२० च्या वेगाने मोटार चार सेकंदांत १३० मीटरहून अधिक धावते. रस्ता सरळ, रिकामा, एकसुरी असेल तर गुंगी लवकर येते. खाचखळग्यांचा जुना रस्ता निदान जागे तरी ठेवत असे.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या लग्नाहून जुन्या रस्त्याने परतताना, मेहकरच्या अलीकडे, पहाटे चारच्या सुमाराला मला समोरच्या ट्रकच्या हॉर्नने जागे केले. मी उजव्या बाजूला गेलो होतो. काच खाली होती, गाणी मोठ्याने लावलेली होती, दोन चहा झालेले होते. मागे दोन्ही मुले झोपलेली. सौभाग्यवतींनी तो विषय त्यानंतर एकदाच काढला. पण घरातून रात्री मोटार काढायची नाही, हा नियम तेव्हापासून आहे.

"रेल्वेचे काय अपघात होत नाहीत?" गुरुजींचा प्रश्न. होतात. २ जून २०२३ च्या बालासोरच्या अपघातात २९० हून अधिक माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. पण २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. रोजची सरासरी ४६० च्या वर. हे आकडे एकेकटे जातात, म्हणून पहिल्या पानावर येत नाहीत. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसमध्ये २५ जण गेले तेव्हा तेवढे आले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा येथे करीत नाही. वेळ मात्र रात्री दीडच्या सुमाराची होती.

गुरुजींच्या बाबतीत इन्सुलिनचाही प्रश्न होता. साखर उतरली की घाम येतो, हात कापतात, आणि विचार गोंधळतो. त्यामुळे चालवणाऱ्याला स्वतःलाच ते कळत नाही. रेल्वेत बाई शेजारी बसलेल्या असतात, दोन बिस्किटे आणि साखर हातावर ठेवतील. स्टिअरिंगवर तेवढी उसंत मिळेलच असे नाही. सर्दीच्या गोळीनेही झोप येते, हे जाता जाता सांगतो. ती घेऊन चालवू नये.

रेल्वेचे मी कौतुकच करतो आहे असे नाही. पायऱ्या उंच, संडास पाहवत नाहीत, आणि त्यामुळे आपल्या बायका निघण्याच्या आधीपासून पाणीच पीत नाहीत. आठवड्याने लघवीला जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. पाणी प्या, जावे लागले तर जा. चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, तो मोटार, बस, रेल्वे सगळीकडे सारखाच. फक्त रेल्वेत उठून दोन फेऱ्या मारता येतात. ज्येष्ठांची तिकीट-सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती माझ्या मते चूकच होती. खालचा बर्थ ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील बायकांना जागा असल्यास आपोआप मिळतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडते.

नुकतेच खुब्याचे ऑपरेशन झालेला, डब्यात चढूच न शकणारा पेशंट असेल तर मोटारच बरी. मात्र पहाटे उजाडल्यावर निघावे, चालवणारे दोघे असावेत, दर दोन तासांनी विश्रांतीच्या जागी थांबावे. झोप आली तर चहा घेऊन १५-२० मिनिटे डोळे मिटावेत. चहा अंगी लागायला तेवढाच वेळ लागतो. रस्त्याच्या कडेला मात्र मोटार उभी करू नये.

गुरुजींनी विदर्भ एक्सप्रेसची दोन तिकिटे काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. जावई स्टेशनवर घ्यायला येणार आहेत. परतीला मात्र बाळ आणि बाळंतीण सोबत असतील, आणि त्यांना कशाने आणावे हे त्यांनी कालच फोन करून विचारले आहे. त्याबद्दल पुढील आठवड्यात लिहितो.