अनाहूत पाहुणे

पूर्वी बाजाराच्या दिवशी गावात दवंडीवाला येई. पुढे ध्वनिक्षेपक बांधलेली रिक्षा येऊ लागली. साबणाची, बियाण्यांची वा नव्या चित्रपटाची जाहिरात ओरडून सांगत ती गल्लीतून जाई, आणि वळणापलीकडे गेली की गल्ली पुन्हा शांत होई. जाहिरात ही मुळात वाईट गोष्ट आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्यापाशी चांगला माल आहे त्याने तो लोकांस सांगितला तर त्यात गैर काय? परंतु ती रिक्षा आमच्या उंबरठ्याबाहेर राहत असे, एवढे मात्र ध्यानात ठेविले पाहिजे.

आता जाहिरात घरात आली आहे. किंबहुना ती आमच्या खिशात आणि उशाशी आली आहे. दूरचित्रवाणीवर तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत असा निदान नियम तरी आहे. मोबाइलच्या पडद्याला असे कोणतेच बंधन नाही. कर्ज घ्या, भूखंड घ्या, वजन उतरवा, घरबसल्या कमवा, असा हाकारा दिवसभर चालू असतो.

हे असे का होते? पुष्कळ ॲप आम्हांला फुकट मिळतात. पण ती चालविणाऱ्यांचा खर्च व नफा जाहिरातदाराकडून येतो. जाहिरातदार पैसे मोजतो ते आमचे लक्ष मिळविण्यासाठी. बहुतेक मोबाइलना जाहिरातींसाठी एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, आणि आम्ही काय पाहिले याची नोंद त्याच्या आधारे ठेवता येते. म्हणूनच गृहिणीने एकदा शिलाई यंत्राची किंमत पाहिली की पुढे आठवडाभर शिलाई यंत्रे तिचा पाठलाग करीत राहतात.

कोणी म्हणेल, दोन घटका त्रास होतो, त्याचे एवढे काय? आमच्या माहितीतील एका घरची गोष्ट सांगतो. मुलगा बोटीवर नोकरीस, घरी आई एकटी. कर्ज आणि विमा विकणाऱ्यांच्या फोनांनी ती माउली इतकी त्रासली की अनोळखी क्रमांक उचलणेच तिने सोडून दिले. एके दिवशी मुलगा बंदरावर उतरला. त्याचा स्वतःचा फोन बिघडला होता, म्हणून त्याने सोबत्याच्या फोनवरून आईला तीनदा हाक दिली. तिन्ही वेळा आईने फोन बंद केला. बोट पुन्हा समुद्रात गेली, आणि पुढे कित्येक दिवस त्या दोघांचे बोलणे झाले नाही. नको असलेल्या आवाजांच्या गर्दीत हवा असलेला आवाज बुडतो, हे खरे नुकसान होय. बँकेची खरी सूचना, दवाखान्याचा निरोप, रेशनचा संदेश, हे सारे याच ढिगाऱ्याखाली गाडले जाते.

यावर उपाय नाही असे समजून पुष्कळ लोक गप्प बसतात. ते बरोबर नाही. आपल्या देशात नको असलेले व्यापारी फोन नाकारण्याची सोय २००७ सालापासून आहे, आणि २०१८ च्या नियमांनी ती अधिक पक्की केली. आपल्या फोनवरून १९०९ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ असे लिहून, एक जागा सोडून शून्य हा आकडा घालून संदेश पाठवावा. म्हणजे सर्व प्रकारच्या व्यापारी जाहिरातींना आपला नकार नोंदविला जातो. लिहिणे जमत नसेल त्यांनी १९०९ लाच फोन लावावा. यास पैसे पडत नाहीत. बँकेचे व्यवहाराचे संदेश यामुळे बंद होत नाहीत, तेव्हा ती भीती बाळगू नये.

तरीही काही व्यापारी साध्या दहा आकडी क्रमांकावरून फोन करतातच. त्यांची तक्रार त्याच १९०९ वर करता येते. २०२५ पासून त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे. पूर्वी ती तीनच दिवसांची होती. आणखी एक खूण सांगतो. १४० ने सुरू होणारा क्रमांक जाहिरातीच्या फोनांसाठी राखलेला आहे, तर १६०० ने सुरू होणारा बँका, सरकारी कार्यालये इत्यादींच्या कामाच्या फोनांसाठी. संदेश पाठविणाऱ्याच्या नावाशेवटी इंग्रजी ‘पी’ हे अक्षर असेल तर ती जाहिरात. ‘टी’ असेल तर व्यवहाराची सूचना. ‘एस’ म्हणजे सेवेविषयी आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. घरातील वडीलधाऱ्यांस एवढी चार अक्षरे ओळखावयास शिकविली तरी पुष्कळ काम होईल.

फोनच्या आतील दारेही तपासून पाहावीत. एखादे संकेतस्थळ उघडताच ‘सूचना पाठवू काय?’ असा प्रश्न येतो. घाईत ‘होय’ म्हटले की त्या घरच्या जाहिराती रोज दारात उभ्या. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा परवानग्या काढून घेता येतात. अँड्रॉइड फोनवर मघाशी सांगितलेला जाहिरात-ओळखक्रमांकही पुसून टाकता येतो. त्याने जाहिराती थांबत नाहीत, परंतु पाठलाग कमी होतो. गुगलच्या ‘माय ॲड सेंटर’ या जागी मद्य, जुगार व वजन घटविणे अशा विषयांच्या जाहिराती कमी करण्याची सोय आहे. व्हॉट्सॲपवर आपल्या ओळखीचेच लोक आपणांस गटात घेऊ शकतील असे ठरविता येते.

घरात तरुण मुले असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ साली संसदेने कायद्याने बंदी घातली. तेव्हा असा खेळ वा त्याची जाहिरात मुलाच्या फोनवर दिसली तर ती करमणूक समजून सोडून देऊ नये. मुलाला जवळ बसवून शांतपणे विचारावे. आणि जाहिरातीच्या नादाने कोणाचे पैसे गेलेच, तर लाजेने झाकून न ठेवता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

आमच्या तरुण वाचकांस आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी जेवणानंतर एक तास काढा. आईचा, आजोबांचा, शेजारच्या एकट्या काकूंचा फोन हाती घ्या आणि वर सांगितलेल्या गोष्टी त्यांच्यासमक्ष, त्यांना समजावून देत करा. जवळच्या माणसांचे क्रमांक नावानिशी नोंदवून ठेवा. बोटीवर वा परदेशी असलेल्या मुलांनीही आपल्या एकदोन सोबत्यांचे क्रमांक घरी अगोदर कळवून ठेवावेत, म्हणजे निकडीच्या वेळी फोन कोणाचा हे घरच्यांना ओळखता येईल.

आपल्या घरी कोणास बसावयास सांगावे आणि कोणास अंगणातूनच निरोप द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा असतो. फोनच्या बाबतीत तो आपण वापरलाच नाही. आता वापरू या.