ऊस नोंदीचा नकाशा सर्वांना दिसावा



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, लागण माझी आधीची, मग टोळी शेजाऱ्याच्या फडात कशी?" उत्तर नोंदवहीत असते, पण वहीतले गट नंबर वाचून शिवार डोळ्यांपुढे उभे राहात नाही. वडीगोद्री शिवारातला प्रत्येक नोंदलेला फड मोबाईलवर दिसावा, आडसाली एका रंगात, खोडवा दुसऱ्या रंगात. फडावर बोट ठेवले की लागण तारीख, जात, क्षेत्र कळावे. असा नकाशा कारखान्याने सर्व सभासदांना खुला करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम मोठ्या कंपनीलाच जमते, हा समज सोडा. कृषी पदविकेवाला माझ्यासारखा माणूस चाळिशीनंतर शिकतो आहे, तर आपल्या पोरापोरींना काय अवघड? नकाशे आखण्याचा क्यूजीआयएस हा प्रोग्राम फुकट मिळतो. युक्रेनच्या व्लोदिमिर अगाफोंकिन यांनी 2011 साली आणलेले लीफलेट हे साधनही फुकटच. बोट लावताच माहिती उघडणारा नकाशा त्यातून होतो. खालचे रस्ते-गावे ओपनस्ट्रीटमॅपची घेता येतात, त्यांचे नाव तेवढे कोपऱ्यात द्यावे लागते.

खरी मेहनत तक्त्याची आहे. एकच गट नंबर दोन गावांत असतो, म्हणून गाव व गट मिळून एक खूण धरावी लागते. एकाने 'को 86032' लिहिले आणि दुसऱ्याने नुसते '86032', की यंत्र त्या दोन जाती समजते. आणखी एक गंमत : आपण अक्षांश आधी म्हणतो, नकाशाच्या जिओजेसन फाइलीत रेखांश आधी लागतो. वडीगोद्रीचे अक्षांश सुमारे 19.4, रेखांश सुमारे 75.7. आकडे उलटे पडले तर आपला ऊस नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात उभा!

बांधाची भांडणे मात्र या नकाशावर आणू नका. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण 45 मीटर बाय 45 मीटर. मोबाईलचा जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. चारही बांध दोन-दोन मीटर बाहेर सरकले तरी तोच तुकडा पावणेचोवीस गुंठे भरतो. मोजणी भूमी अभिलेखचीच खरी.

आमच्यातलेच काहीजण म्हणतात, खुला नकाशा म्हणजे रोजची कटकट. कटकट आजही आहेच की, फक्त ती बंद दाराआड चालते! नकाशामुळे टोळ्या वाढणार नाहीत, ओली वाट कोरडी होणार नाही. पण क्रमपाळी कुठे मोडली ते दहाजणांना दिसेल, आणि तुरा आलेल्या उसाचे वजन घटत असताना त्या शेतकऱ्याला बोलायला आधार राहील.

सभासदाचे नाव, फोन नंबर किंवा बाकी नकाशावर येऊ नये. आणि नोंदीला चिटबॉय येईल तेव्हा बांधावर स्वतः हजर राहून चारही कोपरे त्याच्याबरोबर फिरा.

ऊस विकास अधिकारी