पट्टकादंबाचें दर्शन

संस्कृत काव्याशीं परिचय असलेल्या घरांत हंसाचें नांव कोणास नवें नसतें. परंतु त्याच्या कुळांतील एक प्रवासी दर हिंवाळ्यांत आपल्या भीमेवर उतरतो, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्याचें मराठी नांव पट्टकादंब. ‘कादंब’ व ‘कलहंस’ हे शब्द अमरकोशांत पर्याय म्हणून दिलेले आहेत. आणि ‘पट्ट’ म्हणावयाचें तें त्याच्या पांढऱ्या डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या दोन काळ्या पट्ट्यांमुळें.

तिबेट, मंगोलिया व लडाख येथील उंच सरोवरांच्या कांठीं हा पक्षी उन्हाळ्यांत पिलें वाढवितो आणि थंडी पडूं लागतांच हिमालय ओलांडून दक्षिणेस येतो. अंगावर यंत्र बसवून संशोधकांनीं ज्यांचा माग घेतला, त्यांतील एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवरून गेल्याची नोंद आहे. विरळ हवेंतूनहि प्राणवायु ओढून घेणारें रक्त निसर्गानें त्यास दिलें आहे. मेघदूतांतील हंस मेघगर्जना ऐकून मानसाकडे निघतात. हा मात्र पावसाची वाट न पाहतां मार्चच्या सुमारासच परत फिरतो.

१९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचें पाणी भिगवणच्या परिसरांत दूरवर पसरलें आहे. तेथील रोहित पक्षी पाहावयास पुष्कळ लोक जातात; पट्टकादंब त्या मानानें विरळा. तो पाहावयाचा तर पौष-माघांत सूर्योदयापूर्वीं कुंभारगांवच्या कांठीं पोंचावें. रात्रीं शेतांत चरून थवे सकाळीं पाण्याच्या कडेस विसाव्यास येतात.

गेल्या माघांत आमच्या नावेंतील एका गृहस्थांनीं ‘आणखी जवळ घ्या’ असा आग्रह धरला. तोंच थव्यानें माना ताठ केल्या. नावाड्यानें वल्हें थांबविलें व तो म्हणाला, ‘‘साहेब, आज यांना उठवलं तर उद्या कोणाला काय दाखवूं?’’

त्या बोलण्यांत त्याच्या पोटाचा प्रश्न होता, तसाच पक्ष्यांच्याहि. अंगीं सांठविलेली चरबी हीच त्यांची परतीच्या प्रवासाची शिदोरी. भिऊन उडावें लागलें कीं ती उगाच खर्ची पडते. म्हणून मुलांस नेतांना दुर्बीण बरोबर घ्यावी, भडक वस्त्रें टाळावीं, आणि पक्ष्यांनीं माना ताठ केल्या कीं तेथेंच थांबण्याची संवय त्यांस लावावी. घरीं पाहुणा जेवावयास बसला असतां आपण त्याच्या पानाभोंवतीं गर्दी करीत नाहीं. तीच रीत येथेंहि पाळावी.