जुन्या गाडीचे अनुदान कोणाच्या पदरात?

बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव लागते. एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला महामार्गाकडे जाणारा आदिवासी पट्टा आणि मधोमध हे गाव. पहाटेपासून येथील नाक्यावर माणसे उभी असतात. कंत्राटी पद्धतीने राबणारा कारखान्यातील कामगार, भाजीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघालेली स्त्री, शाळा-महाविद्यालयाची मुले. एस.टी. आली तर एस.टी., नाहीतर प्रवासी जीप किंवा रिक्षा. त्या जीपचा पत्रा अनेकदा गंजलेला असतो, आसने फाटलेली असतात आणि चढावर ती काळा धूर ओकते. पण ती वेळेवर येते, आणि पाळी चुकली तर रोज बुडणाऱ्या माणसाला तेवढेच पुरे असते.

ही जीप मोडीत निघावी, अशी सरकारची इच्छा आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण घोषित झाले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्ट रोजी पंतप्रधानांनी त्याचा प्रारंभ केला. व्यापारी वाहनांची १५ वर्षांनंतर आणि खाजगी वाहनांची २० वर्षांनंतर कसोटी घ्यावी. जे उतरेल त्याला चालू द्यावे, न उतरेल त्याला मोडीत काढावे. आणि जो आपणहून गाडी मोडीत देऊन नवी घेईल त्याला सवलती द्याव्यात, असे या धोरणाचे स्वरूप आहे.

धोरणाच्या समर्थकांची बाजू प्रथम नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. जुने वाहन नव्याच्या १० ते १२ पट प्रदूषण करते, असे केंद्रीय वाहतूक मंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये संसदेत सांगितले. २० वर्षांहून जुनी ५१ लाख हलकी वाहने देशात आहेत, असा आकडाही त्यांनी दिला. मोडीतून पोलाद, तांबे, ॲल्युमिनियम परत मिळते आणि आयात वाचते. यातून १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि ३५,००० रोजगार उभे राहतील, असाही दावा आहे. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर सर्वांत जवळून घेतो तो रस्त्याच्या कडेला उभा असलेला गरीबच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ज्या तारापूरचा ९३.६९ गुणांसह देशात पहिला क्रमांक लागला, तेथील रहिवाशाला स्वच्छ हवेचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. तो निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींचा होता आणि औद्योगिक क्षेत्रांचा होता, म्हणजे तेथील मुख्य गुन्हेगार जीप नव्हे. तरीही धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

दुमत आहे ते वेगळ्याच मुद्द्यावर. गाडी जावी म्हणून जो सार्वजनिक पैसा सोडला जातो, तो कोणाच्या पदरात पडतो?

हिशेब अगदी साधा आहे. समजा, नव्या गाडीची किंमत सहा लाख रुपये आहे. जुन्या गाडीच्या भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावे, असे धोरण सांगते. म्हणजे २४ ते ३६ हजार रुपये. हे अनुदान नव्हे, लोखंडाची किंमत आहे. खरी सवलत पुढे सुरू होते. नवी गाडी घेणाऱ्याला कारखानदाराने ५ टक्के सूट द्यावी, असा सल्ला आहे; ती झाली ३० हजार. शिवाय राज्याने वाहनकरात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावयाची. कर ६० हजार धरला तर खाजगी गाडीचे १५ हजार वाचले, प्रवासी वाहनाचे ९ हजार. नोंदणी शुल्क माफ ते वेगळेच.

या हिशेबातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, लोखंडाची किंमत वगळता प्रत्येक सवलत नवी गाडी घेण्याच्या अटीला बांधलेली आहे. ज्याच्यापाशी उरलेले पाच लाख आहेत, किंवा ज्याला बँक ते देईल, त्यालाच ती मिळते. बेटेगावच्या जीपवाल्याने गाडी मोडीत काढून एस.टी.ने फिरावयाचे ठरविले, तर हवा तितकीच स्वच्छ होईल. किंबहुना एक नवे वाहन रस्त्यावर न आल्याने अधिकच. परंतु त्याच्या हाती सवलत म्हणून काहीच पडत नाही. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. ज्या गाडीवर एका कुटुंबाचे पोट आणि दहा माणसांचा रोज अवलंबून आहे तिला करसवलत १५ टक्क्यांपर्यंत, आणि जी बहुतेक वेळ इमारतीखाली उभी असते तिला २५ टक्क्यांपर्यंत!

यावर समर्थक म्हणतील की, गाडी मोडीत दिल्यावर मिळणारे ठेव प्रमाणपत्र हस्तांतरणीय आहे. ज्याला नवी गाडी घ्यावयाची नाही त्याने ते विकावे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण धोरणातील हीच एक खिडकी गरिबाच्या बाजूने उघडते. पण खिडकीतून काय मिळणार, हे बाजारावर सोडलेले आहे. विकणाऱ्याला पैशाची निकड असते आणि प्रमाणपत्राला मुदत असते. घेणाऱ्याला घाई नसते आणि मध्ये दलाल असतो. अशा सौद्यात भाव कोणाच्या बाजूने झुकतो, हे ज्याने शेतमालाचा बाजार पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

दुसऱ्या देशांचा अनुभवही डोळ्यांआड करता येत नाही. २००९ च्या मंदीत जर्मनीने नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्यास २,५०० युरो दिले. पाच अब्ज युरो खर्ची पडले. त्या वर्षी तेथे ३८ लाख नव्या गाड्यांची नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी ती २९ लाखांवर आली. त्याच वर्षी अमेरिकेने तीन अब्ज डॉलर्सची अशीच योजना राबविली आणि सुमारे सहा लाख ऐंशी हजार गाड्या मोडीत काढल्या. अतिफ मियां आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योजनेमुळे झालेली जादा विक्री पुढील काही महिन्यांतील घटीने जवळजवळ पूर्ण भरून निघाल्याचे त्यांना आढळले. म्हणजे जे उद्या गाडी घेणारच होते त्यांनी ती आज घेतली, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना बक्षीस दिले. कारखानदाराच्या गुदामातील माल उठविण्याचा तो एक मार्ग असेल. हवा शुद्ध करण्याचा मात्र तो अतिशय महागडा मार्ग आहे.

नव्या गाडीवर सरकारची कृपा एवढ्यावरच थांबत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. उलट जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या मागे आकारणी वाढत गेली. १५ वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ६०० रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून त्यास ५,००० रुपये पडू लागले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० झाले. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व योग्य आहे. पण येथे किंमत धुराची घेतली जात नाही, वयाची घेतली जाते. कसोटीला उतरलेल्या गाडीलाही तेच शुल्क आहे. नव्याला बक्षीस आणि जुन्याला दंड असे हे दुहेरी शास्त्र श्रीमंताला पुढे ढकलते आणि गरिबाला रस्त्याच्या कडेला उभे करते.

वयाचा हा नियम सर्वांत कठोरपणे कोणावर चालला? मुंबईच्या टॅक्सीवर. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आणि एस.टी.वर. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द समजली जाते. हा नियम राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्यांनाही लागू आहे. म्हणजे धनिकाची खाजगी मोटार कसोटी देऊन वीस वर्षांनंतरही धावू शकते. पन्नास माणसे वाहणारी सार्वजनिक बस मात्र कसोटी न घेताच पंधराव्या वर्षी बाद होते. जुनी बस जावी, याला हरकत नाही. पण तिच्या जागी नवी बस त्याच दिवशी उभी राहील, याची हमी त्या नियमात कोठेही नाही. बस कमी झाली की नाक्यावरचा माणूस त्या जुन्या जीपकडेच वळतो, आणि जीपवर बंदी आली की पायी चालतो किंवा हप्त्यावर दुचाकी घेतो. वाहतुकीचे खाजगीकरण नेहमी मंत्रालयातील ठरावानेच होते असे नाही. ते असेही होते.

तेव्हा धोरण फेटाळावयाचे नसून त्याचे तोंड फिरवावयाचे आहे. सवलत नवी गाडी घेण्याशी नव्हे, तर जुनी गाडी मोडीत देण्याशी जोडावी. ठेव प्रमाणपत्राला सरकारने किमान रोख भाव ठरवून द्यावा आणि त्या भावाने ते स्वतः विकत घेण्याची तयारी ठेवावी, म्हणजे दलालाचे बळ सरेल. उपजीविकेच्या वाहनाला खाजगी मोटारीहून अधिक सवलत मिळावी, कमी नव्हे. आणि त्याच्या मालकाला नव्या वाहनासाठी सहकारी बँकेमार्फत स्वस्त कर्ज मिळावे. शुल्काची पट्टी वयाऐवजी धुराच्या मापावर बेतावी. जी बस मोडीत निघेल तिच्या जागी त्याच आगारात नवी बस आल्याशिवाय तिची नोंदणी रद्द होऊ नये. आणि मोडीचा धंदा नव्या केंद्रांकडे जाणार असेल, तर आज उघड्यावर हातोडीने गाड्या फोडणाऱ्या, तेल आणि शिसे अंगावर घेणाऱ्या कामगाराला त्या केंद्रात पहिला हक्क, हातमोजे आणि विमा मिळाला पाहिजे. अन्यथा ३५,००० रोजगारांची भाषा म्हणजे आहे त्या पोटावर पाय ठेवून नव्या पोटाची मोजणी ठरेल.

हे सारे खर्चाचे आहे, असे अर्थखाते म्हणेल. परंतु करमाफी हाही खर्चच असतो. अंदाजपत्रकात तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही, इतकेच. मोटार घेणाऱ्याला सोडलेला प्रत्येक रुपया एस.टी.च्या तिजोरीत न आलेला रुपया असतो.

स्वच्छ हवा ही सर्वांची आहे; तिची किंमत एकाने मोजावी आणि बक्षीस दुसऱ्याने न्यावे, हा न्याय नव्हे. बेटेगावच्या नाक्यावर पहाटे उभ्या असलेल्या माणसाला नवी मोटार नको आहे. त्याला धूर न ओकणारे, वेळेवर येणारे आणि परवडणारे वाहन हवे आहे. ज्या धोरणात त्याच्यासाठी आसन नाही, ते कितीही नवे असले तरी मोडीतच काढण्याच्या लायकीचे आहे.