परदेशी नोकरी : कागदांचा भार आणि कागदांचे कवच

लातूरच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या निलंगा तालुक्याला स्थलांतर नवे नाही. ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी, पुणे-मुंबई-हैदराबादच्या कारखान्यांसाठी येथील माणूस पिढ्यानपिढ्या घर सोडत आला आहे. त्या वाटेवर कोणी कागद मागत नसे. मुकादमाचा शब्द पुरेसा होता. आता तीच वाट आखाती देश व युरोपकडे वळू लागली असताना मुकादमाची जागा एजंटाने घेतली आहे आणि शब्दाची जागा कागदाने घेतली आहे. हा बदल आपण नीट समजून घेतला आहे काय, हा आजचा प्रश्न आहे.

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. दहा हजार तरुणांना संधी, ही बातमी गावोगावी पोहोचली. परंतु दोन सरकारांमधील करार म्हणजे व्हिसा नव्हे. भाषेची परीक्षा, व्यवसायप्रमाणपत्राची तेथील मान्यता, नोकरीचा लेखी करार व व्हिसा हे टप्पे प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्रपणे पार करावे लागतात. ‘लातूर पॅटर्न’ने गुण मिळविण्याचे तंत्र राज्याला शिकविले; मिळालेले प्रमाणपत्र सीमेपलीकडे ग्राह्य कसे ठरते, हे मात्र आपल्या शाळा-महाविद्यालयांत क्वचितच शिकविले जाते.

अडचणीची सुरुवात नावापासूनच होते. जन्मनोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारपत्रावर तिसरे, ही आपल्याकडील घरोघरची स्थिती आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ज्यांची घरे कोसळली, त्यांच्यापैकी अनेकांचे कागदही ढिगाऱ्याखाली गेले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टकरिता जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा आहे. त्यापूर्वी जन्मलेल्यांना शाळेच्या दाखल्यासारखे अन्य पुरावे चालतात. म्हणून आज पाळण्यात असलेल्या बाळाच्या नावातील एक अक्षर वीस वर्षांनी त्याची वाट अडवू शकते. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर केवळ एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला. नावातील फरक राजपत्रात प्रसिद्धी देऊन दुरुस्त करता येतो. पण ते काम तिकीट काढल्यानंतर नव्हे, पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी करावयाचे असते.

दुसरा टप्पा प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचा. प्रथम राज्य शासनाच्या अधिकृत कार्यालयाची साक्ष आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा हा क्रम आहे. अपोस्टिल करार भारतात जुलै २००५ मध्ये व सौदी अरेबियात डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. ज्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, तेथे जाण्यासाठी त्यांच्या दूतावासाची वेगळी मोहर लागते. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण येथे विनोद राहत नाही. कंपनीने दिलेली मुदत संपते आणि हातची नोकरी जाते.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा टप्पा स्थलांतर-परवान्याचा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सामान्यतः उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावरून होतो. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. याच प्रक्रियेत प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरविला जातो. दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

हा सारा खटाटोप टाळण्यासाठी बेकायदा एजंट सोपा मार्ग सुचवितो : “पर्यटक व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर सगळे होईल.” येथेच खरा घात होतो. पर्यटक म्हणून गेलेल्या कामगाराचा करार आपल्या सरकारच्या दप्तरी नसतो, विमा नसतो, आणि ठरलेल्या पगाराच्या निम्मा पगार हाती पडला तरी दाद मागताना दाखविण्यास काही उरत नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागातील कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी मागे राहिलेल्या कुटुंबाच्या हाती करारपत्र आणि विमापत्र आहे की नाही, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

तथापि सारा दोष कामगारावर टाकणे अन्यायाचे ठरेल. उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय मुंबईत, आणि निलंग्याहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास व बुडालेली मजुरी. जेथे शासन दूर असते, तेथे एजंट जवळचा वाटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. कायदा कोणताही येवो, एजंटाचा नोंदणी क्रमांक तपासून देणारा आणि करारातील अटी मराठीत समजावून सांगणारा जाणता माणूस तालुक्याच्या ठिकाणी बसल्याशिवाय त्याचा लाभ खेड्यापर्यंत पोहोचणार नाही. ग्रामपंचायती, महाविद्यालये व सेवाभावी संस्था यांनी हे काम हाती घेण्यास कोणाच्या आदेशाची गरज नाही.

तोवर प्रत्येक घराने एवढे तरी करावे : एजंटाचा नोंदणी क्रमांक स्वतः तपासावा, पावतीविना पैसा देऊ नये, आणि पासपोर्ट, करार व विमापत्र यांची एक प्रत घरी ठेवून मगच माणसाला निरोप द्यावा. परदेशी जाणाऱ्याचे कागद हे ओझे खरेच; पण परक्या मुलुखात त्याच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नसते.