अंगठा आमचा, तोंड दुसऱ्याचें

झाईच्या किनाऱ्यापासून तलासरीपर्यंत आणि तेथून डहाणूच्या वाड्यांपर्यंत आमचा कष्टकरी समाज रोज अंधारांतच घराबाहेर पडतो. कोणी टेम्पोंत दाटीवाटीनें उभा राहून उंबरगांवच्या नाहीं तर सरीगांवच्या कारखान्यांत जातो. कोणी बोईसरला उतरून तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत शिरतो. कोणी घोलवडच्या चिकूवाडींत राबतो, कोणी ताडावर चढतो, तर कोणी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन बांधकामावर जातो. यांतला एखादा संध्याकाळीं परत येतो तो बोटें गमावून. एखादा येतच नाहीं, त्याचें प्रेत येतें. मग त्या दुःखी घरीं पहिला माणूस कोण येतो? सरकार नव्हे, वकील नव्हे. येतो तो मुकादम! हातांत कागद, खिशांत चार नोटा आणि तोंडांत साखर. "झालें तें झालें. शेट देवमाणूस आहे. कोर्टकचेरीच्या भानगडींत पडूं नका. येथें अंगठा द्या." घरांत आकांत चाललेला असतो, तिसऱ्या दिवसाच्या पिठाची पंचाईत असते, अंगठा दिला जातो. त्या घटकेपासून त्या घराचें तोंड बंद होतें आणि त्याच्या वतीनें बोलणारा एकच उरतो, तो मुकादम.

आमचा सवाल एवढाच कीं, कामगाराच्या वतीनें बोलण्याचा हा अधिकार मुकादमाला दिला कोणीं?

कायद्यानें तर दिलेला नाहीं. कामावर अपघात झाल्यास मालकानें भरपाई द्यावी, असा कायदा या देशांत १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. २००९ सालच्या दुरुस्तीनें त्याचें नांव 'कर्मचारी भरपाई कायदा' असें झालें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' हिनें घेतली आहे. जुन्या कायद्यांत ज्याला कमिशनर म्हणत, त्याला आतां सक्षम प्राधिकारी म्हणतात. नांवें बदललीं; पण बाजू कोणीं मांडावी याचा जो नियम जुन्या कायद्याच्या २४ व्या कलमांत होता, तोच पुढें चालू आहे. तो प्रत्येकानें कान देऊन ऐकावा व न वाचणाऱ्याला वाचून दाखवावा.

अर्ज करणें, तारखेस हजर राहणें, बाजू मांडणें हीं कामें पक्षकाराच्या वतीनें पांच प्रकारच्या माणसांना करतां येतात. पहिला वकील. दुसरा विमा कंपनीचा अधिकारी. तिसरा नोंदलेल्या कामगार संघाचा पदाधिकारी. चौथा सरकारचा निरीक्षक. आणि पांचवा, प्राधिकाऱ्याची परवानगी मिळाल्यास, दुसरा कोणीही. पांचांनाही अट एकच: पक्षकारानें त्याला लेखी अधिकार दिलेला असला पाहिजे. साक्ष द्यावयाची असेल तेव्हां मात्र पक्षकारानें स्वतः यावें लागतें. तेथें दुसऱ्याचें तोंड चालत नाहीं.

आतां ही यादी जरा उलटून पालटून पाहूं. वकील कोणाच्या दारीं उभा असतो? ज्याच्या गांठीं पैसा त्याच्या. विमा कंपनीचा अधिकारी कोणाचा? विमा मालकानें उतरविलेला, तेव्हां तो मालकाच्याच बाजूनें बसणार. म्हणजे यादींतले पहिले दोघे मालकाच्या पदरीं गेले. कामगारासाठीं उरले संघ आणि निरीक्षक. निरीक्षकाचें दर्शन आमच्या पाड्यांवर किती जणांना झालें आहे, हें ज्याचें त्यानें सांगावें. आणि संघ? ठेकेदाराच्या हाताखालीं आज येथें तर उद्यां तेथें राबणाऱ्या माणसाला संघ माहीत तरी असतो काय? सारांश, आमच्या माणसासाठीं उघडें राहिलेलें दार एकच, तें पांचवें. आणि नेमक्या त्याच दारांतून मुकादम आंत शिरतो! कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा हाच त्याचा लेखी अधिकार होतो. मेंढराची वकिली लांडगा करूं लागला तर निकाल काय लागावयाचा, हें कोणत्याही मेंढपाळाला विचारा.

मी शाळामास्तर. लोक माझ्याकडे कागद वाचून घ्यावयास आणतात. त्यांत असे कागद येतात कीं, अंगठा वारली माणसाचा आणि मजकूर गुजरातींत किंवा इंग्रजींत. मजकुराचा अर्थ लावून सांगावा तों त्यांत लिहिलेलें असतें: 'आम्हांस सर्व रक्कम पोंचली, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं, पुढें कांहीं मागणार नाहीं.' ज्यानें अंगठा दिला त्याला वाटलेलें असतें कीं, आपण दवाखान्याच्या खर्चाची पावती दिली! आणि असा अंगठा घेणारा दर वेळीं परका असतो असेंही नाहीं. पुष्कळदां तो आपल्याच पाड्यावरचा, आपल्याच नात्यांतला असतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

कोणी म्हणेल, "मास्तर, मुकादम निदान पन्नास हजार आणून देतो. तुमचा कायदा काय देतो? तारखा!" यांत कांहींच तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. २००९ च्या दुरुस्तीनें तीन महिन्यांत निकाल लावावा असें ठरविलें. पण ज्यांनीं कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या त्यांना तीन महिने म्हणजे किती तें चांगलें ठाऊक आहे. तथापि आधीं हिशेब करूं, मग पन्नास हजारांचें मोल ठरवूं. माणूस मेला तर त्याच्या मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाप्रमाणें ठरलेल्या आंकड्यानें गुणावें, असा नियम आहे. तीस वर्षांच्या माणसाचा आंकडा २०७.९८. त्याचें वेतन महिना १२,००० असेल तर निम्मे ६,०००. गुणून आले १२,४७,८८० रुपये. आतां दाबयंत्रांत ज्याचा अंगठा गेला तो घ्या. अंगठा गेल्यास कायदा कमावण्याची शक्ति शेंकडा ३० नें गेली असें धरतो. वय पंचवीस, आंकडा २१६.९१, वेतन १२,०००. पूर्ण अपंगत्वाला वेतनाचे शेंकडा ६० धरतात. त्याचा गुणाकार करून त्यांतले शेंकडा ३० काढले म्हणजे सुमारें ४ लाख ६८ हजार होतात. एक महिन्यांत रक्कम न दिल्यास वर्षाला शेंकडा १२ व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. यंत्रानें घेतलेल्या अंगठ्याची किंमत कायदा देतो. मुकादमानें कागदावर घेतलेला अंगठा ती सारी किंमत बुडवितो. एकलव्याचा अंगठा गुरूनें एकदां मागितला. आमचा दोनदां जातो!

बरें, अंगठा दिला म्हणजे सर्व संपलें असेंही नाहीं, आणि ही गोष्ट मुकादम कधींही सांगणार नाहीं. कामगारानें आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यानें रद्दच आहे. मरणाच्या प्रकरणांत मालकानें रक्कम प्राधिकाऱ्याकडे भरली पाहिजे. वारसांना थोडी उचल देण्याची सवलत सोडली तर हातावर ठेवलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाहीं. इतर प्रकरणांत तडजोड करावयाची असेल तर तिची नोंद प्राधिकाऱ्यापुढें व्हावी लागते. रक्कम अपुरी दिसली किंवा फसवणूक अथवा दडपण दिसलें तर नोंद नाकारण्याचा अधिकार त्याला आहे. ११ जानेवारी २०२० रोजीं तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत स्फोट होऊन कामगार प्राणांस मुकले, तेव्हां सरकारनें मृतांच्या वारसांस ५ लाखांची मदत जाहीर केली. अशी मदत ही सरकारची कृपा. भरपाई हा आपला हक्क. एक मिळाली म्हणून दुसरी फिटत नाहीं.

आमच्या सीमेवरच्या लोकांना आणखी एक भीति घातली जाते: "अपघात गुजरातेंत झाला, आतां वलसाडला खेटे घाला." हें धादांत खोटें आहे. अपघात जेथें झाला तेथें, किंवा अर्जदार जेथें राहतो तेथें, दोन्हीकडे अर्ज करतां येतो. उंबरगांवांत हात गेला तरी झाईचा माणूस आपल्या पालघर जिल्ह्यांतल्या प्राधिकाऱ्याकडे दाद मागूं शकतो. ठेकेदारानें कामावर ठेवला असला तरी ज्याच्या धंद्याचें काम चाललें त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते. ताडी काढणारा आणि झाडें तोडणारा यांचीं नांवेंही कायद्याच्या यादींत आहेत. मात्र ज्याचा कारखाना राज्य कामगार विम्याखालीं आहे, त्यानें त्या विम्याच्या कचेरींत जावें. त्याची वाट निराळी आहे. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला असला तरी सबळ कारण दाखविल्यास अर्ज घेतां येतो. पण त्या भरंवशावर बसूं नये.

आणि लिहितां येत नाहीं म्हणून कोणाच्या पायां पडावयाचें कारण नाहीं. अर्जदार निरक्षर असेल व त्याची इच्छा असेल तर अर्ज प्राधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं लिहून मिळाला पाहिजे, असें कायदाच सांगतो. वकील पाहिजे असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणें आदिवासी, अनुसूचित जातीचे लोक, स्त्रिया, अपंग व औद्योगिक कामगार यांना तो फुकट मिळतो. आमच्या तालुक्यांतलें असें कोणतें घर आहे, जें यांपैकीं एकांतही बसत नाहीं? 'मिळेल त्यांतला तिसरा हिस्सा माझा' असें म्हणणारा वकील भेटला तर त्याला सांगावें कीं, निकालावर फी ठरविणें आणि रकमेंत वांटा घेणें वकिलांच्या स्वतःच्या नियमांतच निषिद्ध आहे.

आमच्या वतीनें आमच्यांतल्यानेंच बोलावें, ही गोष्ट नवी नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे हे कांहीं बॅरिस्टर नव्हते; गिरणींत स्टोअरकीपर होते. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढें ठेवला, आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळवून दिली. त्या हजारों सह्या मजुरांनीं आपल्याच मागणीखालीं केल्या होत्या. मुकादमाच्या कागदावर नव्हत्या. याच तलासरी तालुक्यांतील झरी गांवीं १९४५ सालीं वारल्यांनीं जमीनदाराच्या वेठीला नाहीं म्हटलें, तेंही कोणा मुकादमाच्या तोंडून नव्हे. ज्यांचे आजे वेठीला नाहीं म्हणाले, त्यांचे नातू कोऱ्या कागदाला नाहीं म्हणूं शकत नाहींत काय?

आमचें मागणें दोन ठिकाणीं आहे. पहिलें सरकारापाशीं. बाजू मांडण्याचा हा नियम मराठींत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ग्रामपंचायतीवर व दवाखान्यांत लावावा. पांचव्या दारानें येणाऱ्याला परवानगी देण्यापूर्वीं प्राधिकाऱ्यानें कामगाराला त्याच्या बोलींत विचारावें: हा माणूस तुझा कोण? याला पगार कोण देतो? यानें तुझ्यापासून काय घेतलें? एवढे तीन प्रश्न विचारले तर निम्मे लांडगे उंबऱ्याबाहेरच राहतील. मालकाकडून पैसा घेणाऱ्याला कामगाराच्या वतीनें उभें राहतांच येऊं नये, असा स्पष्ट नियमही झाला पाहिजे.

दुसरें मागणें तुमच्यापाशीं, बंधुभगिनींनो. घरांत अपघात झाला तर पहिल्या आठ दिवसांत कोणत्याही कागदावर अंगठा देऊं नका. जो वाचून दाखविला नाहीं व ज्याची नक्कल हातीं दिली नाहीं तो कागद कागदच नव्हे. हजेरीचें कार्ड, पगाराची नोंद, दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवा. अधिकारपत्र द्यावयाचेंच तर त्यांत माणसाचें नांव, कोणत्या अपघाताचें काम व तारीख लिहून घ्या, आणि मन बदललें तर तें लेखी परत घ्या. सात जणांना संघाच्या नोंदणीचा अर्ज करतां येतो. त्या धंद्यांतले शेंकडा दहा किंवा शंभर कामगार, यांत जी संख्या कमी असेल तितके सभासद मात्र असावे लागतात. हें कांहीं आभाळाला हात लावणें नव्हे. आणि ज्यांचीं मुलें बारावीपर्यंत शिकलीं आहेत त्यांनीं त्यांना केवळ नोकरीच्या अर्जांत गुंतवूं नये. पाड्यापाड्यांतून एक मुलगा व एक मुलगी हा कायदा शिकून तयार झाली तर पांचव्या दारांतून आपलींच माणसें आंत जातील.

शाळेंत आम्ही मुलांना सही करावयास शिकवितों. सही शिकणें म्हणजे नांव गिरविणें नव्हे. कशाखालीं सही करावयाची नाहीं हें कळणें, ही खरी सही. तोंड देवानें प्रत्येकाला दिलें आहे. तें मुकादमाकडे गहाण टाकूं नका.

आपला,
एक शाळामास्तर, झाई