रिकाम्या खुर्च्यांचे मंत्रिमंडळ

३१ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर देवेंद्र फडणवीस यांच्यासह दहा जणांनी शपथ घेतली. आठ कॅबिनेट मंत्री, दोन राज्यमंत्री. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कोणाचा नंबर लागला आणि कोणाचा कापला गेला याची, आणि उद्धव ठाकरे ऐनवेळी कसे आले याची. खरे तर पाहायला हवे होते ते वेगळेच. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांपेक्षा मोठे मंत्रिमंडळ करता येत नाही, असे २००३ची ९१वी घटनादुरुस्ती सांगते. २८८च्या सभागृहात ही मर्यादा ४३ वर येते. म्हणजे दहा जणांनी शपथ घेतली तेव्हा तेहतीस खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या खुर्च्या विसरल्याने रिकाम्या राहिल्या नव्हत्या की योग्य माणसे मिळाली नाहीत म्हणूनही नव्हत्या. त्या राखून ठेवल्या होत्या. अल्पमतातले सरकार कारभार कसा करणार याचे उत्तर त्या यादीत कुठेच नव्हते; ते अल्पमत कोणाकडून आणि कोणत्या भावाने भरून काढायचे, एवढेच त्या यादीने उघडपणे सांगितले होते. महाराष्ट्रात अल्पमताचे सरकार चालवण्याची खरी संधी तेव्हा आली होती आणि आपण ती पस्तीस दिवसांत घालवली, असे माझे मत आहे.

आकडे आठवून पाहू. १९ ऑक्टोबरच्या मतमोजणीत भाजपला १२२, शिवसेनेला ६३, काँग्रेसला ४२ आणि राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. महिन्याभरापूर्वी, २५ सप्टेंबरला, एकाच दिवशी भाजप-शिवसेनेची पंचवीस वर्षांची युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची पंधरा वर्षांची आघाडी दोन्ही मोडल्या होत्या. मतदारांनी चौरंगी लढतीत दिलेला हा कौल होता आणि त्यात कोणालाही बहुमताच्या १४५ जागा दिलेल्या नव्हत्या. निकाल पुरते हाती येण्याआधीच राष्ट्रवादीच्या वतीने प्रफुल्ल पटेल यांनी बाहेरून बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. प्रचारात ज्या पक्षावर सर्वांत जहरी टीका झाली होती, त्यानेच न मागता दिलेला हा टेकू. त्याने दोन गोष्टी साधल्या. शिवसेनेची किंमत एका दुपारी उतरली आणि भाजपला घाई करण्याचे कारण उरले नाही. अल्पमतातला पक्ष इतक्या ऐटीत शपथविधी करू शकला, तो या गणितामुळे.

आता त्या दहा जणांकडे पाहा. नागपूरचे मुख्यमंत्री, मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे, चंद्रपूर जिल्ह्यातले सुधीर मुनगंटीवार, मुंबईचे विनोद तावडे व प्रकाश मेहता, कोल्हापूरचे चंद्रकांत पाटील, परळीच्या पंकजा मुंडे, विक्रमगडचे विष्णू सवरा. राज्यमंत्री म्हणून पुण्याचे दिलीप कांबळे आणि गोरेगावच्या विद्या ठाकूर. निवड करणाऱ्याने पट नीट मांडला होता, हे मान्य करायला हवे. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, मुंबई, पालघरचा आदिवासी पट्टा; मराठा, ओबीसी, दलित, आदिवासी, गुजराती आणि हिंदी भाषक मुंबईकर; दोन महिला. दहा जणांत एवढे बसवणे सोपे नाही. निवडणुकीत सोबत असलेल्या छोट्या मित्रपक्षांपैकी मात्र एकालाही जागा नव्हती, आणि मुंबईला तिघे तर दुष्काळाने होरपळणाऱ्या मराठवाड्याला एकच मंत्री मिळाला होता. खरी मेख खातेवाटपात होती. खडसे यांच्याकडे महसूल, कृषी, पशुसंवर्धन, उत्पादन शुल्क आणि अल्पसंख्याक विकास. तावडे यांच्याकडे शालेय, उच्च, तंत्र आणि वैद्यकीय असे सगळे शिक्षण, शिवाय क्रीडा, संस्कृती आणि मराठी भाषा. ही खाती त्यांच्याकडे कायमची दिलेली नव्हती, सांभाळायला दिलेली होती. त्याचा पुरावा पाच आठवड्यांतच मिळाला. ५ डिसेंबरला शिवसेनेचे दहा आणि भाजपचे आणखी दहा असे वीस जण आले, तेव्हा मेहता यांच्याकडचे उद्योग खाते सुभाष देसाई यांच्याकडे गेले आणि चंद्रकांत पाटील यांच्याकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे दोन तुकडे होऊन ‘सार्वजनिक उपक्रम’ हा तुकडा एकनाथ शिंदे यांना मिळाला. परिवहन दिवाकर रावते यांना, पर्यावरण रामदास कदम यांना, आरोग्य दीपक सावंत यांना. गृह, महसूल, अर्थ आणि नगरविकास ही चार खाती जागची हलली नाहीत आणि उपमुख्यमंत्रिपदही दिले गेले नाही. कोणते खाते सोडायचे आणि कोणत्याला हात लावू द्यायचा नाही, हे वानखेडेवरच ठरले होते, असे म्हणायला जागा आहे.

यात गैर काय, असे कोणी विचारेल. गैर काही नाही. आघाडी करताना खाती वाटली जातातच. माझा आक्षेप वेगळा आहे. अल्पमत ही जणू लपवण्याजोगी, लवकरात लवकर संपवण्याजोगी अवस्था आहे असे आपण धरून चालतो, आणि मंत्रिपद हेच ती संपवण्याचे एकमेव चलन मानतो. राज्यघटना असे काही म्हणत नाही. १४५ हा आकडा तिच्यात कुठेही लिहिलेला नाही. अनुच्छेद १६४ म्हणतो की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. अनुच्छेद १८९ म्हणतो की सभागृहातले प्रश्न हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने ठरतील. विरोधातला एखादा पक्ष तटस्थ राहिला तरी सरकार टिकू शकते. म्हणजे १२२ जागांवर राज्य चालवणे घटनेच्या चौकटीत पूर्णपणे बसते. अट इतकीच, की सभागृहात कोण कोणत्या बाजूला उभे राहिले हे नोंदले गेले पाहिजे. १२ नोव्हेंबरला नेमके तेच झाले नाही. हरिभाऊ बागडे अध्यक्षपदी बिनविरोध निवडले गेले, आशीष शेलार यांनी विश्वासदर्शक प्रस्ताव मांडला आणि तो आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले. मागणी वेळेत झाली नाही, हा सत्ताधाऱ्यांचा दावा. नियमांचा वाद बाजूला ठेवला तरी परिणाम उरतोच. राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांना सरकारच्या बाजूने मत द्यावे लागले नाही, की विरोधात जावे लागले नाही. पाठिंबा होता, पण तो कागदावर कोठेच आला नाही. ज्या सरकारचे सगळे अस्तित्व दुसऱ्याच्या मतांवर होते, त्याने ती मते मोजलीच नाहीत.

अल्पमत उघडपणे चालवता येते का, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. तिथल्या प्रादेशिक संसदेत मे २००७मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला १२९पैकी ४७ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला ४६. ॲलेक्स सॅमंड यांनी आघाडीसाठी खुर्च्या रिकाम्या ठेवल्या नाहीत. स्वतःसह सहा जणांचे मंत्रिमंडळ केले, आधीच्या आघाडी सरकारपेक्षा लहान, आणि हाताखाली कनिष्ठ मंत्री नेमले. ग्रीन पक्षाच्या दोन सदस्यांशी लेखी करार केला. त्यात मंत्रिपद नव्हते, पण एका संसदीय समितीचे अध्यक्षपद होते. पुढे अर्थसंकल्प मंजूर करून घ्यायला हुजूर पक्षाची मते लागली, तेव्हा पोलिसांची हजार वाढीव पदे आणि छोट्या व्यावसायिकांना करसवलत अशा गोष्टींवर देवाणघेवाण झाली, आणि ती सगळ्यांना दिसत होती. सरकार हरलेही. एडिंबराच्या ट्रामचा प्रकल्प रद्द करायचा त्यांचा बेत संसदेने हाणून पाडला आणि त्यांनी तो निकाल मानला. जानेवारी २००९मध्ये तर अर्थसंकल्पच ६४ विरुद्ध ६४ असा अडकला आणि सभापतींच्या निर्णायक मताने पडला. आठवड्याभरात फेरबदल करून तोच अर्थसंकल्प मोठ्या बहुमताने संमत झाला. सरकार चार वर्षे पुरी करून गेले आणि पुढच्या निवडणुकीत त्याच पक्षाला ६९ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळाले. आम्ही हरू शकतो, हे कबूल करूनही सरकार चालवता येते, हे मतदारांनी चार वर्षे पाहिले होते.

इथे तीन हरकती येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिली, स्कॉटलंडची निवडणूक पद्धतच अशी आहे की तिथे कोणाला बहुमत मिळणे अपवादात्मक. त्यामुळे सवय लागते. खरे आहे. पण १९९० नंतर महाराष्ट्रात एकाही पक्षाला एकट्याने बहुमत मिळालेले नाही; सवय लागायला आपल्यालाही पुरेसा काळ मिळाला आहे. दुसरी हरकत पक्षांतरबंदी कायद्याची. आमदार पक्षादेशाला बांधलेला असतो, मग विषयानुसार मते जमवायची कशी? हा कायदा आमदाराला पक्षाशी बांधतो. पक्षाला सरकारशी बांधत नाही. राष्ट्रवादी किंवा शिवसेनेने पक्ष म्हणून ‘अर्थसंकल्पाला पाठिंबा, अमुक विधेयकाला विरोध’ असे लेखी ठरवायला दहाव्या अनुसूचीतल्या या कायद्याने मनाई केलेली नाही. तिसरी हरकत मला खरीच अडवते. आपल्याकडे अर्थसंकल्पावर हरणे म्हणजे राजीनामा, हा संकेत पक्का आहे. आणि अल्पमतातल्या सरकारने मते विकत घेतल्याचे उदाहरण नरसिंह रावांच्या १९९३च्या अविश्वास ठरावाने दिल्लीत घालून दिलेले आहे. हा धोका खोटा नाही. मात्र तो मतमोजणी टाळल्याने कमी होत नाही, वाढतो. पडद्याआडचा व्यवहार तिथेच होतो जिथे कोण कोणाच्या बाजूला आहे हे लिहिलेले नसते. ‘बिनशर्त’ पाठिंब्याबद्दल मला म्हणूनच सर्वांत जास्त शंका वाटते. शर्त लिहिलेली नसते, तेव्हा ती पाळली की मोडली हे विचारण्याचा हक्क मतदाराला उरत नाही. शिवसेना सत्तेत आली आणि त्याच डिसेंबरात सिंचन प्रकरणी राष्ट्रवादीच्या नेत्यांच्या खुल्या चौकशीला सरकारने परवानगी दिली. हा क्रम योगायोगाचा होता की नव्हता, यावर दोन्ही बाजूंनी काहीही म्हणता येते, कारण पाठिंब्याचा कागदच नव्हता.

दहा जणांचे मंत्रिमंडळ म्हणजे काटकसर आणि सुटसुटीत कारभार, असेही तेव्हा बोलले गेले. लहान मंत्रिमंडळ मलाही आवडते. पण राज्यात जिल्हे ३६. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला होता. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, रस्त्यापासून शाळेच्या खोलीपर्यंतचा निधी त्याच्या सहीने हलतो. पालकमंत्री नेमले गेले ते डिसेंबरच्या विस्तारानंतर. दुष्काळाच्या हंगामात तोवर जिल्ह्यांना पालक नव्हता. शिवाय लहान ठेवायचेच असते तर ते लहान राहिले असते. पाच आठवड्यांत तिप्पट झाले आणि २०१६च्या जुलैत आणखी दहा जणांची भर पडली. याचे उलट टोक पाहायचे तर शेजारच्या गोव्याकडे पाहावे. २०१७मध्ये भाजपला ४०पैकी १३ जागा मिळाल्या, आणि मनोहर पर्रीकर यांच्यासह शपथ घेतलेल्या दहा जणांत गोवा फॉरवर्डचे निवडून आलेले तिन्ही आमदार, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे तिघांतले दोघे आणि दोन अपक्ष होते. मुख्यमंत्री धरून भाजपचे केवळ तिघे. तिथे फार खुर्च्या राखून ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती. महाराष्ट्रात ती परवडली, कारण राष्ट्रवादीने टेकू दिला होता. दोन्ही ठिकाणी हिशोब मात्र एकच: पाठिंबा मोजायचे माप म्हणजे मंत्रिपद. त्याला पर्याय म्हणून समितीचे अध्यक्षपद, विधेयकातली दुरुस्ती किंवा अर्थसंकल्पातली तरतूद पुढे केली तर आपल्याकडचा कोणताही पक्ष हसेल. कारण आपल्याकडच्या समित्यांच्या हाती फारसे काही नसते: लोकलेखा समिती झालेल्या खर्चाची उलटतपासणी करते, होऊ घातलेल्या खर्चात तिला शब्द नसतो. तो शब्द मिळाला तरच मंत्रिपदाखेरीज देण्याजोगे काही सरकारच्या हाती राहील.

मतमोजणीबाबत थोडे शहाणपण आले आहे, तेही बाहेरून. २०१९च्या नोव्हेंबरात फडणवीस यांच्या पहाटेच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण हवे, असा आदेश दिला आणि ते सरकार परीक्षेआधीच पडले. २०१४मध्ये सभागृहाने स्वतःहून जे करायला हवे होते, ते पाच वर्षांनी न्यायालयाला सांगावे लागले. पाठिंब्याच्या पत्राचा मजकूर शपथविधीआधी जाहीर झाला पाहिजे, असे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही, आणि हे सांगायला न्यायालय लागू नये. पुढच्या वेळी कोणालाच १४५ मिळणार नाहीत तेव्हा वाचकांनी मंत्र्यांच्या यादीआधी ते पत्र मागावे.

आणि मंत्रिपद हेच एकमेव चलन असले की विरोधी बाकांचे काय होते, तेही नोंदवून ठेवावे. १२ नोव्हेंबर २०१४ला विरोधी पक्षनेते झालेले एकनाथ शिंदे ५ डिसेंबरला त्याच सरकारात मंत्री झाले. त्यांच्या जागी आलेले काँग्रेसचे राधाकृष्ण विखे पाटील २०१९च्या जूनमध्ये त्याच सरकारात गृहनिर्माण मंत्री झाले.